आंब्यावरचं बिऱ्हाड

मालवणात माझ्या मित्राचा, बाळाचा, फोटो स्टुडिओ होता. तिथं कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक असायची. लोकांनी हौसेनं काढून घेतलेले आणि कधीच न नेलेले फोटो त्या ट्रंकेत पडायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणी मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, कुणाला आपलंच तोंड आवडलं नाही! ट्रंक भरत गेली. आमच्या किश्श्यांचंही तेच झालं. रोज संध्याकाळी स्टुडिओच्या बाकड्यावर एखादा नवा घडायचा आणि तो न्यायला कोणी यायचं नाही. आता म्हातारपणी सगळे माझ्याच अंगावर पडलेत.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की स्टुडिओत जाऊन ब्लॅक अँड व्हाइट फोटोंना रंग भरायचो. नवरीच्या गालाला गुलाबी, शालूला हिरवा, हा माझा जोडधंदा. फिल्म मुंबईहून आगबोटीनं यायची. पावसाळ्यात बोट बंद झाली की फिल्मही बंद. त्यामुळे फिल्मच्या बाबतीत बाळाचा हात भलताच आखडता. गिऱ्हाइकानं दुसरा फोटो मागितला की ह्याच्या कपाळाला आठ्या.

असल्या माणसाला पक्ष्यांचं वेड लागावं, म्हणजे कमाल झाली!

*

वेड लागलं ते आमच्या शाळेमुळे. मॅट्रिकच्या मुलांचा ग्रुप फोटो काढायचा होता. हेडमास्तरांच्या मनात आलं, शाळेच्या पायऱ्यांवर दरवर्षीच काढतो, यंदा तारकर्लीच्या किनाऱ्यावर काढू, मागं समुद्र येईल. ठीक आहे! सगळी वरात तारकर्लीला गेली. मुलं तीन रांगांत उभी केली. मी स्वतः एकेकाचा भांग बसवला. बाळानं काळं कापड डोक्यावर घेतलं.

"कोणी हलाचा नाय! एक... दोन..."

तेवढ्यात मागं पाण्यावर धप्पकन आवाज झाला. कोणीतरी ओरडलं, "सर, गरूड!" समुद्री गरूडच होता. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, पंख पसरले तर दारातून आत येणार नाहीत एवढे. त्यानं पाण्यातून साप उचलला आणि बाळानं "तीन" म्हणून बटण दाबलं.

फोटोत काय आलं? एकूण एक मुलाच्या डोक्याची मागची बाजू! मुलांचं सोडा, मधल्या खुर्चीवर बसलेल्या हेडमास्तरांचं टक्कलसुद्धा. आणि त्या सगळ्या डोक्यांच्या वर तो गरूड, पंजात साप लोंबतोय.

फोटो घेऊन मी हेडमास्तरांसमोर उभा राहिलो.  त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "पुन्हा काढा."

मी सुटलो म्हणून वळलो, तर मागून आवाज आला, "मास्तर, आणि ह्याची एक कॉपी माझ्या घरी द्या. ऑफिसात नको!"

*

त्यानंतर बाळानं मुंबईहून एक जुना, हातातला कॅमेरा मागवला. बारा फोटोंचा रोल. लग्नाला गेला की दहा फोटो लग्नाचे आणि उरलेले दोन येताना पक्ष्यांचे, असा ह्याचा हिशेब. एकदा मिठबावला लग्न होतं आणि हिशेब चुकला. जातानाच व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, खंड्या बसलेला दिसला. झालं! नवरा मुलगा मांडवात वाट बघतोय आणि आमचा फोटोग्राफर चिखलात पालथा.

आठवड्यानं मुलीचे वडील फोटो न्यायला आले. एकेक फोटो हातात घेऊन मोठ्यानं सांगू लागले. "ह्या माझा चेडू. ह्यो जावय. ह्यो व्याही, मेलो हसलोच नाय. आणि ह्यो कोण?"

"खंड्या," बाळा खाली बघून म्हणाला.

"ता माका दिसता! माझ्या चेडवाची पाठवणी खंय आसा?"

 मी रंगाची डबी उगाच उघडझाप करत बसलो. आता हा गृहस्थ काठी उचलणार! पण त्यांची नजर फोटोवरून हलेना. खंड्या पाण्यातून वर येतोय, चोचीत मासळी आडवी, आणि पाण्याचे थेंब भोवती हवेत तसेच थांबलेले. डोळ्यांनी कोणी कधी पाहिलेले नाहीत असे थेंब. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला होता.

"ह्यो आमच्या व्हाळार रोज बसता," ते हळूच म्हणाले. "रोज बघतंय तेका. पण असो कधी दिसाक नाय."

"पाठवणीचो फोटो पुढच्या येळेक..." बाळा चाचरत म्हणाला. पुढच्या वेळेस म्हणे! मुलीची पाठवणी काय दरवर्षी होते?

"ऱ्हवांदे रे," त्यांनी खंड्या खिशात घातला. "पाठवणीत सगळी रडाकच लागली होती. ह्यो बरो!"

*

मग बाळाला तोंडवलीच्या गरुडांचा पत्ता लागला. तिथं दाजी म्हणून एक होडीवाले होते. त्यांच्या घराच्या आवारात एक जुना रायवळ आंबा, त्याच्या शेंड्याला गरुडांचं घरटं. दाजींच्या आज्यापासूनचं. दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचून रचून बैलगाडीभर झालेलं. बाळानं दाजींना विचारून शेजारच्या माडावर मचाण बांधलं, चारी बाजूंनी आणि वर नारळाच्या झावळ्यांची झापं लावली, आणि सवड मिळेल तेव्हा आत जाऊन बसायला लागला.

जायचं म्हणजे काय सोपं होतं? सर्जेकोटपर्यंत चालत, तिथून होडीनं पलीकडे तळाशीलला, पुढं वाळूतून पाय ओढत तोंडवली. मग माडावर चढायचं आणि पुतळ्यासारखं बसायचं. इकडे स्टुडिओत गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी बाळाच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, पदर खोचला आणि त्याच फोटो काढायला लागल्या. चांगले काढायच्या. बाळापेक्षा चांगले, पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

एक दिवस एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मालक खंय गेले?"

"माडार बसलेत," वहिनी म्हणाल्या. "गरुडीण कधी मान वळवता, ता बघूक. आमच्या लग्नात भटजींनी सांगितल्यान बायलेकडे बघ, तर मेल्यान मान वळवूक नाय!"

त्याच संध्याकाळी बाळा परत आला तो बाकड्यावर बसला आणि बोलेचना. पाणी दिलं, प्यायला. चहा दिला, प्यायला. मला वाटलं ऊन लागलं. कोणीही घाबरेल! मी खांदा धरून हलवला तेव्हा म्हणाला, "मास्तरा, माझ्या डोक्यार बसली रे."

"कोण?"

"गरुडीण. मचाणाच्या छपरार. तिका वाटला ही तिचीच जागा. तिची नखां झापातसून आत इली होती, माझ्या कपाळासमोर. मी श्वास घेवक नाय."

"मग फोटो?"

"फोटो कसो काढतलंय? ती वर, मी खाली! कॅमेरो घरट्याकडे लावलेलो, आणि घरट्यात कोण नाय."

सबंध सकाळ तो तसाच बसला होता. त्या दिवशी रोल कोरा परत आला. पण एवढा सुखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

नंतर एकदाचा फोटो मिळाला. आणि कसला मिळाला! घरट्यात कापसासारखं पिल्लू, बाजूला बाप पहारा देत उभा, आणि आई वाकून पिल्लाला मासळी भरवतेय. बाळानं मोठी प्रिंट काढली. माझेही हात शिवशिवले. बाळा नसताना मी ती रंगवायला घेतली. कॅलेंडरवरच्या गरुडाला असते तशी चोच सोनेरी केली, पंखांना थोडा जांभळा, डोळ्यांत लाल. झकास!

बाळा आला, पाहिलं, आणि हात जोडून म्हणाला, "मास्तरा, जिची नखां मी कपाळाकडे बघलंय, तिका तू नाटकात उभी केलंस!"

मी चिडलो. दोन दिवस स्टुडिओत गेलो नाही. पण तिसऱ्या दिवशी गेलो तर दुसरी, बिनरंगी प्रिंट बाहेरच्या काचेच्या कपाटात लावलेली, दोन्ही बाजूंना नवरा-नवरीचे जोडफोटो. बाजाराचा दिवस होता. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका चालल्या होत्या, त्यातली एक थांबली, मग दुसरी, मग रस्ताच बंद! एरवी ह्या बायकांचा आवाज बंदरापर्यंत ऐकू जायचा, पण त्या दिवशी कोणी बोलेना.

मग एक म्हातारी काचेला बोट लावून म्हणाली, "चोच बघ गो केवढी! आणि घास बघ, केवढोसो करून दिल्यान!"

शेजारचीनं पदरानं डोळे पुसले. पाटीतली मासळी उन्हात वास मारायला लागली तरी बायका हलेनात. मी माझी रंगाची पेटी गुपचूप बाकड्याखाली सरकवली. त्या फोटोला रंग नको होता, हे मला पटलं. बाळाला मात्र मी ते कबूल केलं नाही, उगाच डोक्यावर बसला असता.

*

त्या शिमग्याला मुंबईहून एक चाकरमानी आला. नव्या बंदुकीचा मालक. स्टुडिओत येऊन म्हणाला, "गरुडाची शिकार करतो. त्याच्या अंगावर पाय ठेवून माझा फोटो काढायचा. फर्स्ट क्लास आला पाहिजे!"

मला वाटलं, बाळा ह्याला बाहेर काढणार. बाळा म्हणाला, "काढूया. पण हल्ली पद्धत अशी आसा, आधी जिवंतपणीचो एक आणि मगे मेल्यावरचो एक. जोडीन शोभतत. जिवंतपणीचो तुम्हीच काढा, तुमचोच हात लागांदे!"

असली पद्धत कुठंच नव्हती! पण साहेब खूष. दुसऱ्या दिवशी तोंडवलीला बंदूक खाली दाजींच्या पडवीत ठेवून बाळाचा कॅमेरा घेऊन मचाणावर चढले. सकाळी चढले ते दुपार झाली तरी खाली येईनात. खाली आले तेव्हा शर्टाला झापाचा भुसा, मान आखडलेली. बंदूक खांद्याला अडकवली, चार पावलं गेले, आणि परत आले.

"अहो, तिथं वारं फार आहे. ते पिल्लू पडणार नाही ना?"

पुढल्या वर्षी हा माणूस बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन आला. आम्ही फार कौतुक केलं. पण मग तो दर सुट्टीत यायला लागला, बाळाची राखून ठेवलेली फिल्म संपवायला लागला, आणि त्याचा एकही फोटो न हललेला यायचा नाही. वहिनी म्हणाल्या, "बंदूक होती ती बरी होती. नेम तरी लागाचो नाय आणि फिल्म तरी उराची!"

*

आता शेवटचा किस्सा. 

पुढच्या हंगामात दाजींची होडी वादळात फुटली. कमावणारी तीच. नवी बांधायची तर फळ्या हव्यात, आणि दाजींकडे लाकूड म्हणजे तो एकच आंबा. सुतार बघून गेला, दिवस ठरला. वर घरट्यात पिल्लू अजून उडायचं होतं.

बाळा धावत तोंडवलीला गेला, मीही बरोबर. बाळानं हातापाया पडून सांगितलं, "दाजी, निदान पिल्लू उडासर थांबा."

दाजी शांतपणे जाळं विणत होते. "थांबलंय तर होडी पावसाआधी होवची नाय. पावसानंतर माझी पोरां काय खातली? बाळा, तुझो फोटो माका दर्यात नेतलो काय?"

 मला तर दाजींचंच पटलं, आणि येताना मी बाळाला तसं सुनावलंही. माणसाच्या पोटापुढं तुझे पक्षी मोठे नाहीत, म्हटलं. 

त्यानंतर बाजाराच्या दिवशी दाजी होडीचे खिळे घ्यायला मालवणात आले आणि स्टुडिओवरून जाताना काचेच्या कपाटापाशी थांबले. आयुष्यभर त्यांनी ते घरटं खालून पाहिलेलं, काटक्यांचा ढिगारा. आत काय चालतं ते पहिल्यांदाच बघत होते. बाळा आतून बाहेर यायला निघाला, वहिनींनी त्याचा शर्ट धरून ठेवला.

दाजींनी मला विचारलं, "मास्तरानु, ही माझ्या आंब्यावरचीच?"

"तुमचीच."

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि खिळे घेऊन निघून गेले. मला वाटलं, संपलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. बाळाच्या गळ्यात कॅमेरा. म्हणाला, आंबा वाचवता आला नाही तर निदान शेवटचा फोटो तरी घेतो. आंब्याखाली अर्धी वाडी जमलेली. सगळे होडीवाले आलेले. सुतार कुऱ्हाड घेऊन तयार. जुनं झाड तोडायचं तर आमच्याकडे आधी गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, की ह्या झाडावर जे कोणी राहत असेल त्यानं आता दुसरी जागा बघावी. ते भुताखेतांसाठी असतं. आणि एकदा चारचौघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की झालं. तो देवाला दिलेला शब्द, तो माघारी घेता येत नाही.

दाजींनी नारळ ठेवला, टोपी काढली, हात जोडले. आम्हीही जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझी होडी दर्यान खाल्ली म्हाराजा! नवी बांधूक ह्यो आंबो तोडूचो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या झाडार जा कोण ऱ्हवता, तेना..."

दाजी थांबले. वर पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख झाडून बघत होतं. वाळकी पानं खाली आमच्या अंगावर पडत होती.

"ह्या झाडार जा कोण ऱ्हवता, तेना दुसरी..."

पुन्हा थांबले. सुतार खोकला. कोणीतरी कुजबुजलं, "म्हातारो वाक्य इसारलो."  दाजींनी वर पाहिलं, मग डोळे गच्च मिटले आणि एकदम मोठा आवाज लावला.

"ह्या झाडार जा कोण ऱ्हवता, तेंचा पोर अजून उडाक शिकला नाय म्हाराजा!"

लोक सवयीनं ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"तेची आवस तेका बारीक बारीक घास करून भरवता, तिका भरवांदे! ह्या झाडाक कुराड लागाक नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज कुऱ्हाड काखेत धरलेल्या सुताराचा! ओरडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं तोंडावर हात ठेवला.

दाजी थांबायला तयार नव्हते. "आणि माझी नवी होडी होयसर, हयसर उभ्या ऱ्हवलेल्या होडीवाल्यांनी माका आपल्या होडयेर जागा दिवची, आणि वाटो दिवचो म्हाराजा!"

 होडीवाले एकमेकांकडे बघायला लागले. समोर देव, समोर नारळ, वर ते पिल्लू पंख झाडतंय. मग त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा हसला आणि त्यानं सुरुवात केली, आणि मग सगळा माड-आंबा दणाणून गेला, "व्हय म्हाराजा!" माझ्या डोळ्यांना धार लागली होती. लागू दे, मला त्याची लाज नाही.

परत येताना तळाशीलहून होडीत बसलो तेव्हा कुठं मी भानावर आलो. म्हटलं, "बाळा, तुझ्या गळ्यात कॅमेरा होता! दाजींचं तोंड, तो सुतार, वर पिल्लू! काढलास ना? किती काढलेस?"

"एकय नाय."

मी होडीतच उभा राहिलो, होडी कलली, नावाडी शिव्या द्यायला लागला. "एकही नाही? अरे गाढवा, जन्मात एकदा येतो असा फोटो! लग्न बुडवून खंड्याचे फोटो काढणारा तू, आणि आज काय झोपला होतास?"

बाळा पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "मास्तरा, माझे हात जोडलेले होते रे!"